चिमणीच्या पाठीमागची जागा

समोरून वारा असला की सायकल चालवणाऱ्याच्या कानात एकच आवाज उरतो. कुणीतरी जुनी चादर टराटरा फाडतंय, आणि ती चादर काही केल्या संपत नाही. त्या आवाजात मागून ट्रक आला तरी कळत नाही. मग मागून एक किडकिडीत चष्मेवाला आला, तर तो चिमणीला कुठून कळणार?

तो आला होता. नुसता आला नव्हता, तर तिच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतर राखून, मान खाली घालून, अगदी सुखाने येत होता. पुढे चिमणी जिवाचं रान करत होती. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना वाळलेलं पिवळं गवत, आणि ते सगळं गवत तिच्याच दिशेने वाकलेलं. सगळ्यात हलका गिअर टाकूनही प्रत्येक पायडल चिखलातून पाय उपसावा तसं येत होतं. शेवटी एका पुलाच्या कठड्याशी ती पाणी प्यायला थांबली, तोच मागे ब्रेक किंचाळला आणि तिच्या मडगार्डला कुणाचं तरी चाक येऊन टेकलं.

"थांबताना सांगायचं तरी!" मागचा माणूस म्हणाला.

"कुणाला सांगायचं?" चिमणीने वळून पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मी... मागे होतो."

"कधीपासून?"

"पेट्रोल पंपापासून."

पेट्रोल पंप कुठला, हे चिमणीला आठवावं लागलं. तो सकाळी लागला होता.

"एवढा वेळ? माझ्या मागे? न विचारता?"

"विचारलं होतं. दोनदा. तुम्ही मान हलवलीत."

"ती वाऱ्याने हलली."

"असं होय..." तो चष्मा काढून रुमालाने पुसू लागला. चष्मा काढल्यावर त्याचे डोळे एकदम उघड्यावर पडल्यासारखे दिसत होते. "मला वाटलं, तुम्ही कमी बोलणाऱ्या असाल."

चिमणी कमी बोलणारी नव्हती. ती दातांची डॉक्टर होती. ज्या धंद्यात समोरच्याच्या तोंडात कायम काहीतरी घातलेलं असतं, त्या धंद्यात बोलायची सगळी जबाबदारी डॉक्टरवरच येते. चिमणी हे तिचं घरातलं नाव. ते ठेवलं तेव्हा ती ओंजळीत मावत होती; पुढे ती अशा रुंद खांद्यांची आणि भरदार पाठीची होईल याची कुणालाच कल्पना नव्हती. शिंपी तिचं माप घेताना टेप एकदा लावायचा, मग टेपकडे बघायचा, आणि पुन्हा लावायचा. हट्टी अक्कलदाढ उपटताना हे खांदे फार कामी येत. एरवी फोटो काढताना ती नेहमी तिरकी उभी राहायची.

चष्मेवाला सायकल मंडळाच्या याच सहलीतला होता. दुसऱ्या गावात त्याचं चष्म्याचं दुकान होतं; तिथून आल्यामुळे त्याची ओळख करून द्यायची राहून गेली होती. सहल होती समुद्रापर्यंतची. पाच दिवस, आणि पाचही दिवस वारा समुद्राकडून. मंडळाचा प्रमुख म्हणजे भूगोलाचे एक निवृत्त मास्तर. त्यांना सगळे कप्तान म्हणत. त्यांनी निघतानाच बजावलं होतं : वाऱ्याशी मारामारी करायची नाही, हँडलवर वाकायचं, हलका गिअर टाकायचा आणि एकमेकांचा आडोसा घ्यायचा. पुढच्याने वारा खायचा, मागच्याने विसावा. आणि मंडळाचा जुना रिवाज असा, की दिवसभर ज्याचा आडोसा घेतला, त्याच्या सायकलची साखळी संध्याकाळी आपण पुसायची.

"पण आडोसा आळीपाळीने घेतात," चिमणी म्हणाली. "आता तुम्ही पुढे व्हा."

तो निमूटपणे पुढे झाला. चिमणी त्याच्या मागे लागली, आणि थोड्याच वेळात तिच्या लक्षात आलं की या माणसाच्या मागे असणं आणि नसणं यांत काडीचाही फरक नाही. वारा त्याच्या उजवीकडून येत होता, डावीकडून येत होता, आणि काही ठिकाणी तर आरपार आल्यासारखा वाटत होता.

"लागतोय का वारा?" त्याने ओरडून विचारलं.

"तुम्ही मागेच या," चिमणी म्हणाली.

तो मागे गेला. बराच वेळ नुसती चादर फाटत राहिली. मग वारा क्षणभर पडला, तेवढ्यात मागून आवाज आला, "तुमची पाठ फार छान आहे हो."

चिमणीची सायकल किंचित डगमगली. तिच्या डोळ्यांचं कौतुक एकदा झालं होतं. अक्षराचं तर शाळेपासून होत आलं होतं. पाठीचं मात्र...

"काय म्हणालात?"

"पाठ! तुमच्या मागे इतकं शांत असतं... मी मघाशी शीळसुद्धा घातली. ऐकू आली का?"

"नाही."

"बरंच झालं. बेसूर होती."

त्या संध्याकाळी मुक्कामाच्या अंगणात तो तिच्या सायकलपाशी उकिडवा बसला आणि फडक्याने साखळी पुसू लागला. साखळीचा एकेक दुवा तो असा निरखत होता, जणू पुसून झाल्यावर तो त्या दुव्याला समोरचा तक्ता वाचायला लावणार होता. चिमणीने पिशवीतून एक कोरा दातांचा ब्रश काढून त्याच्यापुढे धरला. ती असे ब्रश कायम जवळ बाळगायची. कुठे कोण भेटेल सांगता येत नाही.

"फडकं आतपर्यंत जात नाही. याने घासा."

"मऊ आहे."

"हिरड्यांसाठी आहे."

"साखळीला हिरड्या असतात?"

"तुम्ही घासा. गोल गोल. दाबून नाही."

"दुखलं तर सांगा," तो साखळीला म्हणाला.

चिमणी हसली. तशी ती पेशंटसमोर कधी हसत नसे. त्यांना वाटतं, आपल्याच दातांना हसतात.

दुसरा दिवस फार चांगला गेला, म्हणजे वारा भयंकर होता. चष्मेवाला सबंध दिवस तिच्या मागे होता, आणि मागून त्याचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी येत होतं. "चढ आला की तुम्ही डावा खांदा आधी टाकता..." मग वारा. "...माझ्या दुकानात एक आजोबा येतात, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत..." मग पुन्हा वारा. दुपारी चहाला थांबल्यावर त्याने पाहिलं की तिचा गॉगल सारखा नाकावरून घसरतोय. त्याने तो मागून घेतला, काडी गरम चहाच्या ग्लासला लावून धरली, जरा वाकवली, आणि काही विचारायच्या आतच तिच्या डोळ्यांवर चढवला. दोन्ही कानांमागे दोन बोटं टेकली, अंदाज घेऊन थांबली... आणि निघून गेली.

"आता हलणार नाही," तो म्हणाला.

गॉगल हलला नाही. बाकीचं बरंच काही हललं. पुढचा टप्पाभर चिमणी एकाच गोष्टीचा विचार करत होती : हा माणूस रोज किती कानांमागे अशी बोटं टेकत असेल? त्यात बायका किती? त्यात तरुण किती? आपण रोज अनोळखी माणसांच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालतो, हे तिला आठवलं. पण ते वेगळं. ते औषधोपचार होते.

मत्सराची ही पहिली कळ. अक्कलदाढेसारखीच, आधी नुसती जाणवते, मग झोप उडवते.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघाल्यावर चिमणीने जरा वेग कमी ठेवला. मागे यायला सोपं जावं म्हणून. मग आणखी कमी केला. शेवटी सायकल पडायच्या बेताला आली तेव्हा तिने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. लांबवर फक्त सामानाचा टेम्पो रांगत येत होता. तो तिची आत्या चालवत होती.

मग तिने पुढे पाहिलं. पुढच्या वळणावर चष्मेवाला होता. मान खाली, वीतभर अंतर. आणि त्याच्यापुढे जलपरी होती.

जलपरी हे नाव चिमणीने त्याच क्षणी ठेवलं. एरवी ती बाई पोहायला शिकवायची आणि सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. उंच, सावळी, सरळ. आणि वर्षानुवर्षं पाणी कापून तयार झालेली तिची ती पाठ... चिमणीने डोळे बारीक करून पाहिलं. कुठल्याही मापाने पाहिली तरी ती आपल्यापेक्षा चार बोटं जास्त रुंद होती. ज्या रुंद पाठीपायी चिमणी आजवर प्रत्येक फोटोत तिरकी उभी राहिली, ती पाठ आयुष्यात पहिल्यांदाच तिला अपुरी वाटली.

चिमणीला मत्सर वगैरे वाटत नव्हता. तिला फक्त जलपरीच्या सायकलचं चाक पंक्चर व्हावं असं वाटत होतं, आणि तेही सावली असलेल्या ठिकाणी, कुणाला इजा न होता. डॉक्टर माणसाला एवढं भान ठेवावंच लागतं.

वारा त्या दिवशी जास्त होता की कालइतकाच, हे कप्तानांना विचारायला हवं. चिमणीला मात्र तो खासगीत आपल्यावरच सोडल्यासारखा वाटला. डोळ्यांत धूळ, दातांत धूळ. विजेच्या तारा मागच्या रस्त्याकडे तोंड करून हूं... हूं... करत होत्या. तिच्या पाठीमागे शांततेची एक मोठी, ऐसपैस जागा तयार होत होती, आणि ती रिकामी जात होती.

संध्याकाळी मुक्काम एका शाळेच्या व्हरांड्यात होता. चिमणी तोंड धुऊन आली तेव्हा चष्मेवाला जलपरीच्या सायकलपाशी उकिडवा बसलेला होता. साखळी पुसत होता. रिवाजाप्रमाणे ते योग्यच होतं, आणि चिमणी तशीच पुढे निघून गेली असती. पण त्याच्या हातात तो ब्रश होता.

तिचा ब्रश! हिरड्यांसाठीचा. तिने स्वतःच्या हाताने दिलेला. गोल गोल, दाबून नाही. तस्साच फिरवत होता तो... दुसरीच्या साखळीवर.

"चांगला चालतो हो हा ब्रश," तो तिला पाहून म्हणाला, आणि उगाचच कावराबावरा झाला.

"ठेवा तुम्हालाच," चिमणी म्हणाली. "तसाही मी वापरलेला ब्रश परत घेत नाही. जंतू असतात."

"मी... तुमचीही पुसून देऊ का? साखळी?"

"कशाला? आज माझ्या मागे कुणीच नव्हतं. माझी साखळी स्वच्छ आहे."

हे शास्त्राला धरून नव्हतं. पण ती फाटक आपटून गेली, आणि शाळेला फाटक नसल्यामुळे तिने टेम्पोचं दार आपटलं. आत आत्या पाय पसरून बिस्किटं खात बसली होती.

"काय गं चिमणे, तोंड का असं?"

"वारा."

"दोन दिवस नव्हता वाटतं?" असं म्हणून आत्याने पुडा पुढे केला, आणि खिडकीतून चष्मेवाल्याकडे पाहत, काम फत्ते झाल्यासारखी मान हलवली. ती मान चिमणीने पाहिली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण चिमणी तेव्हा बिस्किटाचा सूड घेत होती.

चौथ्या दिवशी चिमणीने ठरवलं, की आपल्या मागची जागा काही पडीक नाही हे जगाला कळलं पाहिजे. ती थेट कप्तानांकडे गेली.

"कप्तान, आज माझ्या मागे या ना."

कप्तानांचं वय सत्तरीला टेकलेलं. गेल्या कित्येक सहलींत त्यांना कुणी आपणहून मागे बोलावलं नव्हतं, कारण ते मागे आले की बोलत. ते इतके खूश झाले, की त्यांनी हेल्मेटचा पट्टा पुन्हा बांधला. मग दिवसभर चिमणीच्या पाठीवर भूगोल कोसळत राहिला. जमीन तापते, हवा वर जाते, समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यायला धावत येते...

"म्हणजे एकीची जागा रिकामी झाली की दुसरी लगेच घुसते," चिमणी म्हणाली.

"अगदी बरोबर! तुम्हाला विषय समजलाय."

समजणारच. ती त्याचं चालतं-बोलतं प्रात्यक्षिक पाहत होती. मात्र चष्मेवाल्याला ऐकू जावं म्हणून कप्तानांच्या प्रत्येक वाक्यावर ती मोठमोठ्याने हसत होती. खारे वारे आणि मतलई वारे यांवर एवढं हसणारी विद्यार्थिनी मास्तरांना सगळ्या नोकरीत भेटली नव्हती. पुढच्या वळणावर चष्मेवाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं. दुसऱ्या वेळी त्याची सायकल रस्ता सोडून गवतात गेली. चिमणीला फार बरं वाटलं... आणि लगेच फार वाईट वाटलं, कारण त्याला हात धरून बाहेर काढायला जलपरी थांबली.

संध्याकाळी कप्तानांनी चिमणीची साखळी अशी पुसली की तिच्यात तोंड दिसावं. चिमणीने पाहिलं. दिसलेलं तोंड तिला आवडलं नाही.

आणि मग शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळपर्यंत समुद्र. तिथून रात्रीची रेल्वे. सायकली मालडब्यात, माणसं आपापल्या गावाला. चष्मेवाल्याचं गाव एका दिशेला, चिमणीचं दुसऱ्या. त्याच्या दुकानाचं नावसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. आज काही बोलणं झालं नाही, तर पुढे कुठल्याशा गावात कुणी बाई त्याच्याकडे चष्मा करायला जाईल, तो तिच्या कानांमागे दोन बोटं टेकवेल, आणि इथे आपण कुणाची तरी दाढ उपटत बसू. या विचाराने तिचा असा तिळपापड झाला, की ती कुणाचीही वाट न पाहता एकटीच निघाली. आडोसा नको, गप्पा नकोत, कप्तानही नकोत. जड गिअर टाकला, ताठ बसली, आणि वाऱ्याला छाती दिली.

वाऱ्यात जे जे करू नये म्हणून सांगितलेलं असतं, ते सगळं तिने एका सकाळीत केलं. वारा काही रागावला नाही. तो फक्त येत राहिला. दुपारच्या सुमारास चिमणीच्या पायांतलं सगळं संपलं. पायडल थांबलं, सायकल थांबली, आणि ती रस्त्याकडेच्या दगडावर मटकन बसली. एकेक करून सगळे पुढे गेले. जलपरी गेली. तिच्या मागे वीतभर अंतरावर कोण होतं ते दिसू नये, म्हणून चिमणीने डोळे मिटून घेतले. मग टेम्पो आला.

टेम्पोत बसणं ही मंडळात मोठी नामुष्की. आत्याने सायकल मागे चढवली, चिमणीला शेजारी बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली. काच वर केल्यावर वाऱ्याचा आवाज एकदम थांबला. पाच दिवसांत पहिल्यांदाच.

"बरं झालं बसलीस ते," आत्या म्हणाली. "आधीच तुझा तो गुडघा."

"कुठला गुडघा?"

"तुझाच. दुखरा."

"माझा गुडघा दुखत नाही, आत्या."

"ते मला माहीत आहे गं. त्याला थोडंच माहीत आहे?"

"कुणाला?"

आत्याने गिअर बदलला. रस्ता सपाट होता, गरज नव्हती.

"आत्या... कुणाला?"

"त्या चष्मेवाल्याला! दोन दिवस बघत होते मी मागून. जळूसारखा चिकटला होता तुझ्या पाठीला. तू घाम गाळतेस आणि हा मागे शिट्ट्या घालतोय. मग तेरवा संध्याकाळी चहाच्या वेळी घेतला बाजूला. म्हटलं, अहो, माझी भाची काही कंपाउंडची भिंत नाही. गुडघा दुखतोय तिचा, पण भिडस्त आहे, तोंडाने बोलायची नाही. एवढं कळत असेल तर दुसरीकडे आडोसा बघा. आणि तिला यातलं काही सांगू नका, लाजेल ती. शहाणा निघाला. दुसऱ्या दिवसापासून तुझ्या वाटेलाही गेला नाही बिचारा..."

"आत्या!"

"काय झालं ओरडायला? तुझ्याच भल्यासाठी—" आत्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग टेम्पोचा वेग आपोआप कमी झाला. "अगं बाई... म्हणजे तुला तो जळू..."

"हो."

"मग आधी नाही का सांगायचं! मी त्या कप्तानांना पण दम भरलाय सकाळी."

चिमणी दोन्ही हातांत तोंड झाकून बसली. वळण आलं. वळणापलीकडे रस्ता उघडा, एकही झाड नाही, आणि त्या रस्त्याच्या मधोमध एक किडकिडीत माणूस सायकलवर बसल्या जागी झगडत होता. एकटा. त्याचा शर्ट पाठीमागे शिडासारखा फुगला होता. जलपरी फार पुढे निघून गेली होती. तिला आज समुद्र दिसत होता, आणि समुद्र दिसला की मास्तरीणबाई कुणाच्या आडोशाबिडोशाचा विचार करत नसत.

"टेम्पो थांबव," चिमणी म्हणाली.

"आत घेऊ या ना त्यालाही. बिस्किटं आहेत."

"आत्या, थांबव. आणि मागेच राहा. बरीच मागे."

तिने सायकल उतरवली. ती वाऱ्यात शिरली, हँडलवर पुरती वाकली, हलका गिअर टाकला, आणि हळूहळू त्याच्या मागच्या चाकाशी आली.

"मागे आहे!" ती ओरडली.

तो इतका दचकला, की सायकल पुन्हा गवताकडे निघाली. पण या वेळी सावरला.

"तुम्ही? तुमचा गुडघा..."

"ठणठणीत आहे. तो कधीच दुखत नव्हता. तो गुडघा आत्याच्या डोक्यात होता."

त्याने वळून तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "म्हणजे मी तुमच्या मागे आलो असतो तर... चाललं असतं?"

"तुम्ही ब्रश घेऊन गेलात!"

"तो तुमचा होता म्हणून तर वापरत होतो! सारखं खिशातून काढायला काहीतरी निमित्त नको का?"

चिमणीने उगाचच घंटी वाजवली.

"आणि तुम्ही कप्तानांना हसत होतात," तो पुढे बघतच म्हणाला. "दिवसभर. मी काल रात्री जेवलोसुद्धा नाही. त्यांचं वय बघा, म्हटलं स्वतःला. पण ते इतकं छान बोलतात... खारे वारे... मला चष्म्याच्या नंबरांपलीकडे काय येतं?"

चिमणी वाऱ्यात तोंड उघडून हसली, आणि तोंडात धूळ गेली. सत्तरीच्या मास्तरांवर जळणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. तिला तो फारच आवडला.

"तुम्ही आता पुढे व्हा ना," तो म्हणाला. "नाहीतर असं करा, मागेच राहा. आज मी वारा घेतो. दमलात तुम्ही."

तो वाकला आणि जीव खाऊन पायडल मारू लागला. शर्ट मुद्दाम जास्त फुगावा म्हणून त्याने कोपरं बाहेर काढली. चिमणी त्याच्या मागे राहिली. वारा उजवीकडून आला, डावीकडून आला. तिच्या दोन्ही खांद्यांवर पूर्वीइतकाच आदळला.

"लागतोय का हो वारा?" त्याने धापा टाकत विचारलं.

"अजिबात नाही," चिमणी म्हणाली. "इतका आडोसा मला आजवर कुणीच दिला नव्हता."

समुद्र दिसण्याआधी त्याचा वास आला, ओला आणि खारट. धक्क्याजवळ बाकीचे सगळे सायकली भिंतीला लावून उभे होते. कप्तान कुणालातरी सांगत होते, की हा वारा आता आठवडाभर असाच राहणार. जलपरी केस पिळत होती. तिने तेवढ्यात एक डुबकीही मारून घेतली होती.

चष्मेवाला सायकलवरून उतरला. त्याच्या चष्म्यावर मिठाचा थर बसला होता. तो पुसायचं सोडून तो नुसताच हातात धरून उभा राहिला.

"मी विचार करत होतो..." तो म्हणाला. "वारा असाच राहणार असेल, तर... आपण रेल्वेने न जाता सायकलनेच परत गेलो तर? माझा रस्ता तुमच्या गावावरूनच जातो. म्हणजे, थोडा वळसा घेतला तर जातो."

"परतीला वारा मागून असेल," चिमणी म्हणाली. "आडोशाची गरजच पडणार नाही."

"तेच तर. मग तुमच्या मागे यायला मला काही कारणच उरत नाही."

"नाही उरत."

"मग... कारण नसताना शेजारी आलं तर चालेल का?"

"कारण नसताना कशाला यायचं?"

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. मिठातून त्याला ती धड दिसतही नसणार. "तुम्ही मला आवडता म्हणून," तो म्हणाला.

चिमणीला ते स्वच्छ ऐकू आलं होतं. पण तिची नजर भिंतीपाशी केस पिळणाऱ्या त्या रुंद पाठीकडे गेली, आणि ती म्हणाली, "वाऱ्यात ऐकू नाही आलं. जरा मोठ्याने सांगा ना."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच."

त्याने छाती भरून श्वास घेतला आणि ओरडून सांगितलं. कप्तानांचा भूगोल थांबला. टेम्पोच्या खिडकीतून आत्या अर्धी बाहेर आली. जलपरीने केस खांद्यावर टाकले आणि शांतपणे वळून पाहिलं.

"सांगितलंस का एकदाचं?" ती त्याला म्हणाली. मग चिमणीकडे वळली. "दोन दिवस माझ्या मागे बसून हेच चाललंय याचं. असं म्हणू की तसं म्हणू. डॉक्टर, याला आता तुम्हीच सांभाळा. माझे कान किटले."

चिमणीला आनंद झाला. खूप झाला. पण त्या आनंदाच्या पोटातून एक बारीकशी, ओळखीची कळ आली.

"म्हणजे," ती चष्मेवाल्याला हळूच म्हणाली, "मला सांगायच्या आधी हे तू तिला सांगितलंस?"

"सराव केला," तो ओशाळून म्हणाला.

"दोन दिवस?"

"तुझी पाठ समोर नव्हती ना..."

चिमणीने याचा थोडा विचार केला. मग त्याच्या नाकावरचा चष्मा काढला, आपल्या ओढणीने दोन्ही काचा पुसल्या, आणि पुन्हा त्याच्या डोळ्यांवर ठेवला. दोन्ही कानांमागे दोन बोटं टेकवली. ती लगेच काढली नाहीत.

"उद्यापासून वाटेत रोज सांगायचंस," ती म्हणाली. "जेवढ्या वेळा तिला सांगितलंस, त्याच्या दुप्पट."

"आणि एवढ्याच जोरात?"

"नको," चिमणी म्हणाली. "वारा मागून असला की हळू बोललेलंही ऐकू येतं."